मेलेला माणूस तर मेलाच, मग फरक कसला?

मागच्या अंकात जन्मठेपेच्या कैद्यांना मुदतीआधी सोडण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर पत्रं आणि मेसेज येणं अजून थांबलेलं नाही. बहुतेकांचा सूर एकच, की माफी म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण. काहींनी तर अपघातात माणूस मारणारा आणि बॉम्ब ठेवणारा हे एकाच माळेचे मणी ठरवून टाकलेत. त्यातली चार पत्रं या वेळी घेतेय, नावं काढून आणि मजकूर थोडा आवरून.

ताई, आमचं गाव वाळवा तालुक्यात. धाकटा भाऊ कारखान्याला ऊस वाहतो, ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या. गेल्या सीझनला रात्री मागच्या ट्रॉलीचं टायर फुटलं म्हणून कडेला लावली, मागं दगड ठेवले, झाडाची फांदी ठेवली आणि पंक्चरवाल्याला आणायला गेला. तेवढ्यात मागनं मोटारसायकल येऊन धडकली, पोरगा जागेवर गेला. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता. केस चालू आहे. त्या पोराचे चुलते चारचौघांत म्हणाले, तू आणि ते बॉम्बवाले सारखेच, आमचं पोरगं तर गेलंच ना. भाऊ तेव्हापासून धड जेवत नाही. त्याला काय सांगू? आणि पाहुण्यांपैकी एकजण म्हणतोय, दुसरा ड्रायव्हर उभा करू, पैसे घेऊन तो तयार आहे.

शेवटचं आधी घेते. दुसरा ड्रायव्हर अजिबात उभा करू नका. आपल्या भागात हे सर्रास चालतं, मालकाच्या पोरानं ठोकायचं आणि गड्यानं गुन्हा अंगावर घ्यायचा, पण खोटा आरोपी उभा करणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्यात तुम्ही, तो पाहुणा, तो पैसे घेणारा सगळेच अडकता. त्याहून मोठी गोष्ट अशी की आत्तापर्यंत तुमच्या भावानं जाणूनबुजून कुणाचं वाईट केलेलं नाही, हे केलं की मात्र जाणूनबुजून केल्यासारखं होईल. ज्यांचं पोरगं गेलंय त्यांना निदान खरं काय झालं ते तरी कळू द्या.

आता चुलत्यांचं बोलणं. त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नका, ज्याच्या घरातलं तरणंताठं पोरगं गेलंय त्याला कायदा शिकवायचा नसतो. पण तुमच्या भावासाठी सांगते, नीट वाचून दाखवा त्याला. नुसते मुडदे मोजून कृत्य किती वाईट ते ठरत नाही. वाईजवळ मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या, माणसं घसरली, मागचा लोंढा थांबेना, मग दुकानं पेटली, सिलिंडर फुटले. २९० च्या वर माणसं गेली. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या स्फोटांत २५७ गेली, २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६. म्हणजे आकडा मांढरदेवीचा मोठा, आणि तरी सातारा जिल्ह्यात कुणीही त्या दिवसाला दहशतवाद म्हणत नाही. राग आला, अजून येतो, पण तो वेगळा राग आहे, की अरुंद वाट होती, गर्दी माहीत होती, मग सोय का नाही केली. त्या दिवशी ती माणसं मरावीत असं कुणाच्याच मनात नव्हतं. मुंबईत बाजारात, ऑफिसखाली बॉम्ब ठेवणाऱ्यांच्या मनात मात्र नेमकं तेच होतं, आणि ती माणसं कोण, कुठली, याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. मेलेल्यांना बघून जिवंत असलेल्यांनी घाबरावं यासाठी ती माणसं मारली. अपघात करणाऱ्याला तो क्षण परत मिळाला तर तो ब्रेक दाबेल. बॉम्ब ठेवणाऱ्याला परत मिळाला तर तो बॉम्ब आणखी गर्दीत नेऊन ठेवेल.

कायद्यातही या पायऱ्या आहेत. सगळी काळजी घेऊनही जे घडलं तो निव्वळ अपघात, तो गुन्हाच नाही. हलगर्जीपणानं मृत्यू झाला तर जुन्या आयपीसीत कलम ३०४ अ होतं, जास्तीत जास्त २ वर्षं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आलं आणि ती शिक्षा ५ वर्षांपर्यंत गेली. त्याच्या वर सदोष मनुष्यवध, म्हणजे मारायचं नव्हतं पण आपण करतोय त्यानं माणूस मरू शकतो हे माहीत होतं. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ साली दारू पिऊन गाडी फुटपाथवर चढवली, झोपलेले ७ मजूर गेले, ती केस शेवटी याच कलमात बसली आणि सुप्रीम कोर्टानं २०१२ ला ३ वर्षांची शिक्षा कायम ठेवली. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये अल्पवयीन पोरानं पोर्शे घालून दोघांना उडवलं आणि ३०० शब्दांच्या निबंधावर जामीन मिळाला तेव्हा लोक का भडकले? तो दहशतवादी नव्हता हे सगळ्यांना कळत होतं, पण दारू पिऊन चावी हातात घेणं हे ‘चुकून झालं’ या खात्यात टाकता येत नाही हेही कळत होतं. त्याच्याही वर खून, आणि मग दहशतवादी कृत्य.

तुमचा भाऊ खालच्या पायरीवर आहे. टायर फुटणं त्याच्या हातात नव्हतं, रिफ्लेक्टर लावणं मात्र होतं. तेवढं ओझं त्याचं आहे आणि ते ‘नशिबात होतं’ म्हणून झटकू नये, पण त्याच्यापेक्षा जास्त ओझंही त्यानं घेऊ नये. आणि दगड रस्त्यावर ठेवण्याबद्दल एक सांगून ठेवते, अंधारात तो दगड दिसत नाही, गाडी निघून जाते आणि दगड तिथंच राहतो, मग त्याच्यावर दुसरा कुणीतरी पडतो. ही पद्धतच मोडायला हवी.

ही केस आपसात मिटवता येत नाही, त्यामुळं मिटवामिटवीसाठी त्यांच्या दारात जाऊ नका. दोन्हीकडं ज्याचा शब्द चालतो अशा वडीलधाऱ्या माणसाला सोबत घ्या, ते भेटायला तयार असले तरच जा, आणि काही न मागता या. ते अपघात न्यायाधिकरणात नुकसानभरपाईचा दावा करतील, तेव्हा विम्याचे कागद लपवू नका, उलट लवकर द्या. आणि सीझन सुरू व्हायच्या आत भावाला लाल टेपची रिळं घेऊन गावातल्या सगळ्या ट्रॉल्यांच्या मागं फिरायला सांगा, स्वतःच्या हातानं लावू दे. जेवण सुटलंय ते महिन्याभरात मार्गावर आलं नाही तर सिव्हिलला मानसोपचार विभागात दाखवा, त्यात लाज कसली.

मॅडम, मी कराडला इंजिनिअरिंगला आहे. १९८८ साली अमेरिकेच्या युद्धनौकेनं इराणचं प्रवासी विमान पाडलं ती ‘चूक’ आणि त्याच वर्षी लॉकरबीला विमान उडवलं तो ‘दहशतवाद’. बलाढ्य देशानं मारलं की चूक आणि बाकीच्यांनी मारलं की दहशतवाद, असंच आहे ना हे सगळं?

तुझा राग बरोबर जागेवर आहे, निष्कर्ष नाही. ३ जुलै १९८८ ला बंदर अब्बासहून दुबईला निघालेलं इराण एअरचं विमान व्हिन्सेन्स नावाच्या नौकेनं क्षेपणास्त्र मारून पाडलं, २९० माणसं गेली, त्यात ६६ लहान मुलं आणि आपले भारतीयही होते. विमान नेहमीच्या प्रवासी मार्गावर होतं आणि वर चढत होतं, नौकेवरची यंत्रणाही तेच दाखवत होती, पण चकमक चालू होती आणि आतल्या माणसांनी ते आपल्यावर चालून येणारं लढाऊ विमान समजलं. २१ डिसेंबरला स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन ॲमचं विमान फुटलं, विमानातले २५९ आणि खाली गावातले ११ गेले. तिथं रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये स्फोटकं भरली, तो बॅगेत घातला आणि बॅग विमानात चढेल अशी व्यवस्था केली. इतक्या पायऱ्या चढताना एकदाही मागं फिरावं असं वाटलं नाही, यातच सगळं आलं.

म्हणजे दोन्ही एक नव्हेत. पण अमेरिकेनं पुढं काय केलं? खेद व्यक्त केला, कायदेशीर जबाबदारी मान्य न करता १९९६ ला ६ कोटी १८ लाख डॉलर देण्याचं ठरलं, आणि त्या नौकेच्या कॅप्टनला त्याच्या त्या काळातल्या सेवेबद्दल पदक दिलं. बोलायचंच असेल तर तू याच्यावर बोल. चूक होती म्हणून खुनी म्हणता येणार नाही हे मान्य, पण चूक म्हटली की तिची चौकशी लागते, जबाबदार माणूस लागतो, निदान पदक तरी लागत नाही. ज्या घरातली ६६ पोरं गेली त्यांना ‘हेतू नव्हता’ एवढंच सांगून वर छातीवर बिल्ला लावायचा, हे मला अजूनही सहन होत नाही.

लॉकरबीचा दुसरा भाग माफीचा आहे आणि तो तू पत्रात घेतलाच नाहीस. अब्देलबासेत अल मेग्राही या लिबियन माणसाला ३१ जानेवारी २००१ ला जन्मठेप झाली. त्याला कॅन्सर झाला, तीनेक महिने उरलेत असं धरून स्कॉटलंडच्या न्यायमंत्र्यांनी २० ऑगस्ट २००९ ला दयेच्या कायद्याखाली सोडलं, तो ट्रिपोलीला उतरला तर विमानतळावर जल्लोष, आणि पुढं तो मे २०१२ पर्यंत जगला. अमेरिकेतली कुटुंबं संतापली. आणि जिम स्वायर नावाचे ब्रिटिश डॉक्टर, ज्यांची मुलगी त्या विमानात गेली, ते म्हणत राहिले की हा माणूस दोषीच नाही. तो स्वतःही शेवटपर्यंत तेच म्हणाला. माझं मत विचारशील तर मरणाऱ्या माणसाला कोठडीबाहेर मरू द्यावं, कितीही मोठा गुन्हा असला तरी. पण त्याला लिबियाला पाठवायला नको होतं. स्कॉटलंडमध्येच दवाखान्यात, घरच्यांना जवळ बोलावून ठेवता आलं असतं. दया त्याच्या दुखण्यावर करायची होती, तिथं झेंडे फडकले आणि २७० घरांच्या जखमेवर मीठ पडलं.

ताई, आम्ही जावळी तालुक्यातले, तुकाराम ओंबळे आमच्या मातीतले. अतिरेक्यांनाही दयेचा अर्ज करता येतो हे वाचलं की डोकं फिरतं. तुम्ही कुठल्या तोंडानं माफीची बाजू घेता?

ओंबळेंचं गाव केडंबे, मला ठाऊक आहे. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर हातात नुसती लाठी असलेला हा माणूस एके-४७ च्या नळीला धरून राहिला, गोळ्या पोटात घेतल्या पण नळी सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला. बाकीचे नऊ मेले, हा एकटा कोर्टात उभा राहिला. अशोकचक्र मिळालं ते योग्यच, पण त्यांनी देशाला खरं काय दिलं ते बघा. कसाब जिवंत होता म्हणून खटला चालला, कट कुठं शिजला ते जगासमोर पुराव्यानिशी आलं. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते, त्यांच्याविरुद्ध पुरावा टिकला नाही म्हणून कोर्टानं त्यांना सोडलं. लोकांच्या रागावर सोपवलं असतं तर तिघंही लटकले असते. कसाबचं अपील सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०१२ मध्ये फेटाळलं, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. म्हणजे अर्जाचा हक्क होता म्हणून तो सुटला असं काही झालं नाही.

मग हक्क ठेवायचाच कशाला? कारण कोर्टही माणसंच चालवतात. २००२ साली गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर हल्ला झाला, पुढं सहा जणांना दोषी ठरवलं, तिघांना फाशी. हायकोर्टानं कायम केली. १६ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि तपासावर कडक ताशेरे मारले. ते तिघं तोवर लटकवलेले असते तर? आणि ज्यांनी खरंच तो कट केला त्यांचं काय, ते तर आपण शोधायचंच सोडून दिलं असतं. घटनेतलं कलम ७२ राष्ट्रपतींना आणि १६१ राज्यपालांना हा अधिकार देतं तो याच शेवटच्या दारासाठी.

मी फाशीच्या बाजूची नाही, हे आधीही लिहिलंय. पण कसाबसारख्याला मोकळं सोडावं असंही माझं म्हणणं नाही. ठरवून, ट्रेनिंग घेऊन, सीएसटीवर गावाकडं जायला बसलेल्या माणसांवर गोळ्या झाडणाऱ्यानं मरेपर्यंत आत राहावं, दरवर्षी सुटकेची यादी निघते तिच्यात त्याचं नाव येऊ नये. तुम्हाला हे कमी वाटेल. वाटू द्या, आपण त्यावर भांडू, पण दयेचा अर्ज करणं आणि दया मिळणं यातला फरक तेवढा धरून ठेवा.

ताई, मी तासगाव तालुक्यातली. माझ्या मालकांना बांधाच्या वादातनं भावकीतल्याच माणसानं कुऱ्हाडीनं मारलं. त्याला जन्मठेप झाली. फर्लोवर, म्हणजे जेलच्या रजेवर, येतो तेव्हा आमच्याच गल्लीतनं जातो. आता १४ वर्षं होत आली. त्याची बायको कागद घेऊन आली होती, तुमची हरकत नाही एवढं लिहून द्या म्हणून. गावातली मोठी माणसं म्हणतात, माफ कर, पुण्य लागेल. तुम्ही तर सुटकेच्या बाजूनं लिहिलंत. मी काय करू?

वहिनी, त्या कागदावर सही करू नका. कधीच करू नका असं नाही म्हणत, पण दुसऱ्यानं लिहून आणलेल्या कागदावर आणि चार माणसं बघतायत म्हणून करू नका. सरकार कैद्याला सोडतं ते सरकारचं काम, तुम्ही माफ करणं ही तुमची गोष्ट, आणि गावातल्या कुणालाही ती तुमच्याकडं मागायचा हक्क नाही. राजीव गांधींच्या हत्येतल्या नलिनीची फाशी २००० साली जन्मठेपेवर आली, सोनियाजींनी तसं सांगितलं होतं. मोठं मन होतं, मला आदर आहे. पण श्रीपेरंबुदूरच्या त्या स्फोटात ड्युटीवरचे पोलीस आणि इतर बरीच माणसंही गेली होती, त्यांच्या घरच्यांच्या वतीनं सोनियाजी माफ करू शकत नव्हत्या. २०२२ ला सगळे सुटले तेव्हा त्यातली काही घरं म्हणाली, आम्हाला विचारलं कुणी. बरोबरच म्हणाली ती.

आता १४ वर्षांचं. गावात समज आहे की जन्मठेप म्हणजे १४ वर्षं आणि मग दार आपोआप उघडतं. तसं नाही. गोपाळ गोडसेच्या केसमध्ये १९६१ सालीच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात १४ वर्षं पुरी व्हायच्या आत सरकारला सूट देता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ, त्यानंतर सोडायचं का नाही ते गुन्हा कसा होता, जेलमध्ये वागणूक कशी, पोलिसांचा रिपोर्ट काय, शिक्षा देणाऱ्या कोर्टाचं मत काय, हे बघून ठरतं. बिल्किस बानो यांच्या प्रकरणात गुजरात सरकारनं २०२२ ला ११ जणांना सोडलं, हार घातले गेले, आणि ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ती सुटका रद्द करून त्यांना परत आत पाठवलं. म्हणजे चुकीची सूट कोर्टात टिकत नाही.

आणि तरीही मी सुटकेच्या बाजूनं का लिहिलं, ते तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देऊन सांगते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे ना, ती कैद्यांची वसाहत औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ साली काढली, मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर त्यात होता. खुनातले कैदी, भिंत नाही, कुलूप नाही, बायकापोरं सोबत आणि दिवसभर शेतात काम. आजही ती चालू आहे. बांधावरच्या भांडणात एका क्षणी कुऱ्हाड उचलणारा माणूस आणि महिनोन्महिने कट करून अनोळखी माणसं मारणारा माणूस, दोघांचे हात रक्ताचेच, पण पहिला बऱ्याचदा पंधरा वर्षांनी तोच माणूस राहत नाही. तसं झालंय का हे बघितल्याशिवाय त्याला सोडू नये, आणि झालं असेल तर न बघता आयुष्यभर डांबूनही ठेवू नये. हे माझं मत सरकारनं काय करावं याबद्दल आहे. तुम्ही त्याला ओवाळावं असं त्यात कुठंच नाही.

तुम्ही मात्र गप्प बसू नका. तुम्हाला भीती कशाची वाटते ते लिहा, बांधाचा वाद अजून मिटलाय का ते लिहा, तो त्याच गल्लीत राहायला आला तर तुमच्या पोरांचं काय होईल ते लिहा. सूट अटी घालून देता येते, तेव्हा त्यानं गावाबाहेर राहावं, तुमच्या रानाकडं फिरकू नये अशी अट तुम्ही मागू शकता, सुटकेला पूर्ण विरोधही करू शकता. पोरांनी विचारलं तर त्यांना खरं सांगा, की यानं तुझ्या बाबांना मारलं आणि त्याची शिक्षा तो भोगतोय, कारण बाहेरून कळलं तर तिखटमीठ लावून कळेल. अर्ज साध्या कागदावर चालतो, वकील लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. एक प्रत जेल अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं, एक एसपी ऑफिसला हातानं, आणि तिथं शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय टेबल सोडू नका.